शर्यतीत धावणारा प्रभूचा दास: एरिक लिडेल यांचे चरित्र

पौल प्रेषिताने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात ख्रिस्ती जीवितास शर्यतीची उपमा दिली आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. करिंथ शहराजवळ त्या काळी मोठे सामने भरत असत आणि जिंकणाऱ्याच्या मस्तकी झाडपाल्याचा मुकुट घालीत असत. म्हणून तेथील लोकांस ही उपमा चटकन समजली असेल. आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींसही ती परकी वाटण्याचे कारण नाही. जत्रेच्या कुस्तीसाठी वर्षभर तालमीत घाम गाळणारा पैलवान त्यांनी पाहिला आहे. पोलीसभरतीच्या आशेने पहाटेच्या अंधारात सडकेवर धावणारे तरुणही ते रोज पाहतात. सारे कष्ट कशासाठी, तर नाशवंत मुकुटासाठी. मग अविनाशी मुकुटासाठी धावणाऱ्याने कसे धावावे? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसते, अशा एका पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचे नाव एरिक लिडेल. हे स्कॉटलंड देशाचे. हे नाव निघाले म्हणजे लोक एकच गोष्ट सांगतात, ती ही की, हा मनुष्य प्रभूच्या दिवशी धावला नाही. गोष्ट खरी आहे. परंतु तेवढीच सांगून थांबले तर चरित्र अर्धेच सांगितल्यासारखे होईल. म्हणून आम्ही आरंभापासून सांगतो.

एरिक यांचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी उत्तर चीनमधील तिएन्त्सिन शहरी झाला. त्यांचे वडील जेम्स लिडेल हे लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी असून आई मेरी ह्याही त्याच कामात होत्या. एरिक यांचे बाळपणीचे दिवस शियावचांग नावाच्या खेड्यात, सपाट माळरानावरील मातीच्या घरांच्या वस्तीजवळ गेले. पुढे कुटुंब रजेवर स्वदेशी आले, आणि १९०८ साली सहा वर्षांच्या एरिकला व त्याच्या आठ वर्षांच्या भावाला, रॉबर्टला, लंडनजवळ मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत ठेवून आईबाप कामावर परत गेले. त्या काळी चीन आणि इंग्लंड ह्यांमध्ये आठवड्यांचा प्रवास असे. इतक्या लहान वयात आईच्या पदरापासून दूर राहणे म्हणजे काय, हे वसतिगृहात मुले ठेवणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

१९२० साली एरिक एडिंबरो विद्यापीठात शास्त्रविषयांचा अभ्यास करू लागले. लवकरच त्यांच्या पायांचा वेग सर्वांच्या दृष्टीस पडला. १९२२ व १९२३ ह्या दोन वर्षांत ते स्कॉटलंडच्या वतीने रग्बी नावाचा चेंडूचा खेळ सात वेळा खेळले. जुलै १९२३ मध्ये इंग्लंडच्या सामन्यांत १०० यार्डांचे अंतर त्यांनी ९.७ सेकंदांत तोडले, आणि हा विक्रम त्यांच्या देशात पुढे पुष्कळ वर्षे कोणी मोडला नाही. त्यांची धावण्याची ढब मात्र पाहणाऱ्यांस हसू आणणारी होती. हात वल्ह्यांसारखे हवेत फिरत, मान मागे पडे आणि तोंड आभाळाकडे होई. जाणते लोक म्हणत की धावण्याची ही रीत नव्हे. परंतु पुढे जाई तो हाच. शर्यतीपूर्वी प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवावा, हा त्यांचा नेम होता. त्या वेळी पाय रोवण्यासाठी मातीत खळगे खणावे लागत. त्यासाठी त्यांनी लहानसे खुरपे बाळगिले होते, आणि ते ज्यांच्याशी झुंजावयाचे त्यांनाही ते वापरावयास देत.

त्याच जुलै महिन्यात स्टोक ह्या गावी पाव मैलाची एक शर्यत झाली. आरंभीच दुसऱ्याचा धक्का लागून एरिक धावपट्टीच्या बाहेर आडवे पडले. ते उठले तोवर बाकीचे सुमारे २० यार्ड पुढे गेले होते. पाहणाऱ्यांस वाटले, आता हा परत फिरणार. परंतु ते धावू लागले, एकेकास मागे टाकीत गेले आणि शर्यत जिंकून शेवटच्या रेषेपाशी कोसळले. ज्या कोणा बंधूस पाप, व्यसन किंवा भाऊबंदकी ह्यांच्या धक्क्याने मार्गाबाहेर पडावे लागले असेल, त्याने ही हकीकत मनाशी जपावी. पडला त्याची शर्यत संपली असे नाही. जो पडून राहिला त्याची मात्र संपली.

एरिक स्वभावाने लाजाळू होते. ख्रिस्ती घरात वाढले असूनही चारचौघांत विश्वासाविषयी बोलणे त्यांस जड जाई. एप्रिल १९२३ मध्ये डी. पी. थॉमसन नावाच्या तरुण सुवार्तिकाने त्यांस आर्माडेल नावाच्या कोळशाच्या खाणींच्या गावी साक्ष देण्यास बोलाविले. क्षणभर विचार करून त्यांनी होकार दिला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मन कचरले. त्याच सकाळी त्यांची बहीण जेनी हिचे चीनहून आलेले पत्र हाती पडले. त्यात तिने यशयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायातील दहावे वचन लिहिले होते. ते वाचून त्यांची भीती गेली. आमच्या कित्येक तरुण शिक्षकांचीही पहिल्या उपदेशाच्या दिवशी अशीच स्थिती होते. त्यांनी हे वचन काढून पाहावे, आणि कोणाच्या हाती पत्र किंवा निरोप धाडावयाचा असेल तर जेनीप्रमाणे एखादे वचन त्यात घालण्यास विसरू नये. ते कोणत्या सकाळी कोणाच्या उपयोगी पडेल, हे देव जाणतो.

आता त्या प्रसिद्ध प्रसंगाकडे वळू. १९२४ साली पॅरिस शहरी सर्व राष्ट्रांचे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. १०० मीटरच्या शर्यतीत ब्रिटनला एरिक यांचा मोठा भरवसा होता. परंतु त्या शर्यतीच्या पहिल्या फेऱ्या रविवार, ६ जुलै रोजी होणार असे ठरले. दोन सांघिक शर्यतींनाही रविवार आड येत होता. एरिक यांनी सांगितले की, रविवारी आपण धावणार नाही. १९८१ साली त्यांच्यावर 'चॅरिअट्स ऑफ फायर' नावाचा गाजलेला चित्रपट निघाला. त्यात नौकेवर चढता चढता त्यांस ही बातमी कळते असे दाखविले आहे. वस्तुतः ती त्यांस कित्येक महिने आधीच कळली होती, आणि निर्णयही तेव्हाच झाला होता. आमच्या मते खरी हकीकत अधिक बोधप्रद आहे. लोकांच्या डोळ्यांदेखत आवेशाच्या भरात त्यांनी नकार दिला नाही, तर घरी शांतपणे, नफातोटा पाहून दिला. काही लोकांनी त्यांस देशाभिमान नाही असा बोल लाविला, तोही त्यांनी निमूटपणे सोसला. मोह दाराशी उभा राहिल्यावर विचार करू लागणारा बहुधा हरतो. ज्याने आधीच गुडघ्यांवर बसून मन ठरविले आहे, त्यास त्या घटकेला फारसे बोलावे लागत नाही.

नकार देऊन ते हात जोडून बसले नाहीत. २०० व ४०० मीटरच्या शर्यती इतर वारी होत्या. त्यांची त्यांनी तयारी केली. सामन्यांसाठी पॅरिसमध्ये असता रविवारी त्यांनी तेथील स्कॉटिश मंदिरात उपदेश केला. १०० मीटरची शर्यत त्यांचेच देशबंधू हॅरल्ड अब्राहम्स ह्यांनी जिंकली. २०० मीटरमध्ये एरिक तिसरे आले. मग ११ जुलै रोजी ४०० मीटरची अखेरची शर्यत झाली. हे अंतर त्यांच्या हातचे नव्हे, असे पुष्कळांचे मत होते. शिवाय त्यांच्या वाट्यास सर्वांत बाहेरची पट्टी आली होती, जेथून धावताना दुसरा कोणी दृष्टीस पडत नाही. त्या दिवसांत संघाच्या अंगमर्दन करणाऱ्या माणसाने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. तिच्यात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातील तिसाव्या वचनाचा आशय होता. बंदुकीचा बार झाला आणि एरिक असे सुटले की पाहणाऱ्यांस वाटले, हा अर्ध्या वाटेत दमणार. ते दमले नाहीत. ४७.६ सेकंदांत त्यांनी शर्यत जिंकली. इतक्या अल्प वेळात हे अंतर त्या सामन्यांत तोवर कोणी तोडले नव्हते.

येथे आम्ही वाचकांस एक इशारा देतो. रविवार पाळला म्हणून सोन्याचे पदक मिळाले, असा हिशेब कोणी मांडू नये. देव हा मजुरी चुकविणारा सावकार नव्हे, आणि आज्ञापालन हा नवस नव्हे. एरिक त्या दिवशी सर्वांच्या मागे राहिले असते तरी त्यांचा नकार तितकाच योग्य ठरला असता. ह्या हिशेबाचा पोकळपणा त्यांच्या पुढील आयुष्यावरून आपोआप दिसून येईल.

सहा दिवसांनी, १७ जुलै रोजी, विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात प्राचार्यांनी त्यांच्या मस्तकी जंगली ऑलिव्हच्या पानांचा मुकुट घातला, आणि विद्यार्थ्यांनी त्यांस खांद्यांवर घेऊन शहरातून मिरविले. पौलाने सांगितलेला नाशवंत मुकुट तो हाच. ह्यानंतर धन व मान दोन्ही मिळविणे त्यांस अवघड नव्हते. परंतु त्यांनी वर्षभर धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ज्या देशात जन्म झाला त्या चीनला ते निघून गेले. तिएन्त्सिन येथील अँग्लो-चायनीज कॉलेजात त्यांनी बारा वर्षे मुलांस शास्त्रविषय शिकविले. १९३२ साली रजेवर असता त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९३४ साली फ्लॉरेन्स मॅकेन्झी ह्या कॅनेडियन मिशनऱ्यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे त्यांस तीन कन्या झाल्या.

१९३७ साली त्यांस शहर सोडून शियावचांगच्या खेड्यांत सुवार्तेच्या कामास पाठविण्यात आले. त्यांचे बंधू रॉबर्ट तेथील मिशनच्या इस्पितळात डॉक्टर होते. जपानी सैन्याशी युद्ध पेटले होते, दुष्काळ होता, आणि पत्नी व मुलींस तिएन्त्सिनला ठेवूनच जावे लागले. एरिक कधी सायकलीवर, कधी पायी, गावोगाव फिरत. तेथील लोक त्यांस ली पाळक म्हणत. गावात त्यांच्या पदकाची किंमत कोणास होती? तेथे माणसे पाहत ती हा मनुष्य संकटात येतो की नाही, एवढेच. एकदा एका ओसाड देवळात एक जखमी मनुष्य पडला आहे असे कळले. सैनिकांच्या भीतीने कोणी त्यास घरात घेईना. एरिक एका गाडीवाल्यास घेऊन गेले. वाटेत आणखी एकाचा पत्ता लागला. त्याच्या मानेवर तलवारीचा घाव घालून सैनिकांनी त्यास मेला म्हणून टाकून दिले होते. दोघांस गाडीत घालून त्यांनी इस्पितळात आणिले. पहिला वाचला नाही. दुसरा बरा झाला आणि प्रभूचा शिष्य झाला. तो चित्रकार होता. त्याने फुलांचे एक सुंदर चित्र काढून कृतज्ञतेने एरिक यांस दिले.

१९४१ साली युद्धाचे संकट अधिक जवळ आले तेव्हा त्यांनी आपल्या गरोदर पत्नीस दोन मुलींसह कॅनडास पाठविले आणि स्वतः कामावर राहिले. धाकटी कन्या मॉरीन हिचा जन्म तिकडेच झाला. तिचे तोंड पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही. मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांस इतर परदेशी लोकांबरोबर शान्तुंग प्रांतातील वेइश्येन येथील छावणीत बंदिस्त केले. हे पूर्वीचे मिशनचेच आवार होते; त्यात दीड हजारांहून अधिक स्त्री-पुरुष व मुले कोंडली होती. अन्न थोडे, जागा अपुरी, भोवती भिंत आणि पहारा. अशा ठिकाणी भल्याभल्यांचा स्वभाव उघडा पडतो. तेथेही भाकरीवरून व अंथरुणाच्या जागेवरून भांडणे होत, आणि त्यांत मिशनरी नव्हते असे नाही.

त्या छावणीत कित्येक मुले अशी होती की ज्यांच्या मिशनरी आईबापांची व त्यांची युद्धाने ताटातूट झाली होती. सहाव्या वर्षी शाळेत मागे राहिलेल्या त्या मुलाची आठवण वाचकांस असेलच. तोच आता ह्या मुलांचा एरिक काका झाला. पुस्तके व साधने नव्हती, म्हणून ते शास्त्रातील यंत्रांची चित्रे हाताने काढून मुलांस शिकवीत. म्हाताऱ्यांसाठी पाणी व कोळसा वाहून आणीत. मुलांच्या मोडलेल्या हॉकीच्या काठ्या कापडाच्या चिंध्या गुंडाळून सांधून देत. हे सर्व करण्याचे बळ कोठून येई? पहाटे, इतर झोपेत असता, ते एका सोबत्यासह शेंगदाण्याच्या तेलाच्या मिणमिणत्या दिव्यापाशी बसून शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. पहिलवानाची तालीम कोणास दिसत नाही. दिसते ती कुस्ती.

आता आम्ही अशी एक हकीकत सांगतो की जी ऐकून काही वाचक चकित होतील. छावणीत मुलांसाठी खेळ मांडले जात. पण रविवारी खेळ नसावेत असे एरिक यांचे म्हणणे होते. कंटाळलेल्या तरुण मुलांनी एका रविवारी आपणच हॉकीचा सामना मांडिला. पंच कोणी नव्हता. खेळाचे भांडण होऊन हाणामारी झाली. पुढच्या रविवारी मुले पुन्हा मैदानावर जमली, तो पंच म्हणून तेथे एरिक लिडेल उभे! ज्या मनुष्याने सुवर्णपदकासाठी रविवारी पाऊल उचलिले नाही, तो पोरांची डोकी फुटू नयेत म्हणून रविवारी मैदानात आला.

ह्यात त्यांनी आपले व्रत मोडिले काय? आम्हांस तसे वाटत नाही. पॅरिसमध्ये त्यांनी नाकारिले ते स्वतःच्या गौरवासाठी धावणे. वेइश्येनमध्ये त्यांनी पत्करिली ती दुसऱ्यांच्या लेकरांची सेवा. दोन्ही ठिकाणी त्यांनी स्वतःस मागे ठेविले. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, ही जी प्रभूची शिकवण, तिचे मर्म त्यांस कळले होते. तसेच, इतर ख्रिस्ती खेळाडू रविवारी धावले म्हणून एरिक यांनी त्यांस दोष देत फिरल्याचे कोठे आढळत नाही. कडक नियम त्यांनी केला तो स्वतःपुरता.

ह्यावरून आमच्या मंडळ्यांनी दोन गोष्टी शिकाव्यात. ज्या बंधूस रविवारचा बाजार, सामना किंवा जादा कमाईची संधी केवळ लोभामुळे उपासनेपासून दूर ओढते, त्याने पॅरिसचे एरिक पाहावेत आणि आजच, मोह येण्यापूर्वी, मन ठरवावे. उलटपक्षी, जो शिक्षक किंवा मंडळीचा वडील हेच चरित्र हातात काठीसारखे घेऊन, मालकाच्या हुकुमाने रविवारी कामावर जाणाऱ्या गरीब मजुरास किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या भगिनीस झोडपील, त्याने वेइश्येनचे एरिक पाहावेत. अशा मजुराच्या घरी सायंकाळी जाऊन त्याच्याबरोबर शास्त्र वाचणे आणि प्रार्थना करणे, हेच शिक्षकाचे रविवारचे काम होय. दुसऱ्यास नियम सांगणे सोपे. त्याच्यासाठी आपला विसावा सोडणे कठीण. ज्यास दोन्ही समजले, त्यासच प्रभूचा दिवस समजला.

१९४५ च्या आरंभी एरिक यांचे डोके फार दुखू लागले. लोकांस वाटले, श्रमाने मन थकले आहे. वस्तुतः मेंदूत गाठ झाली होती. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांनी पत्नीस एक छोटे पत्र पाठविले, आणि त्याच रात्री, शियावचांगच्या इस्पितळातील एक जुनी सहकारी परिचारिका जवळ असता, ते प्रभूमध्ये निजले. वय अवघे ४३ वर्षांचे होते. छावणीची सुटका सहा महिन्यांनी, १७ ऑगस्ट रोजी झाली. त्यांच्या थडग्यावर एक साधा लाकडी क्रूस उभारिला आणि त्यावर बुटाच्या पॉलिशने नाव लिहिले. पुढे १९९१ साली एडिंबरो विद्यापीठाने स्कॉटलंडहून आणलेल्या दगडाचे स्मारक त्या स्थळी उभे केले. ते शहर आता वेइफांग ह्या नावाने ओळखिले जाते.

आज्ञा पाळणाऱ्यास पदकच मिळते असे मानणाऱ्याने त्या लाकडी क्रूसापाशी क्षणभर उभे राहावे. तेथे पदक नाही, पत्नी नाही, मुली नाहीत, सुटकेचा दिवसही नाही. तरी हा मनुष्य हरला असे कोण म्हणेल? पॅरिसची शर्यत ४७.६ सेकंदांत संपली. दुसरी शर्यत वीस वर्षे चालली, आणि बाहेरच्या पट्टीवरून धावताना जसे दुसरे कोणी दिसत नव्हते, तसेच तीत पाहणारे व टाळ्या वाजविणारे जवळजवळ कोणी नव्हते. आमच्या खेड्यांतील शिक्षक व सुवार्तिक ह्यांचीही धाव बहुधा अशीच असते: कोणी न पाहता, पायी, एका वस्तीहून दुसऱ्या वस्तीस. त्यांनी खचू नये. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाचा आरंभ त्यांनी ह्या आठवड्यात आपल्या घरच्यांसह वाचावा, आणि ज्याने आमच्यापूर्वी धाव पुरी केली त्या येशूकडे दृष्टी लावून उद्याच्या पावलासाठी कृपा मागावी. ती तो देईल.